चावडीचं कोठार कुणी बंद केलं?

कुणी हात लावला नव्हता, वीजही गेली नव्हती, तरी शाळेच्या संकेतस्थळावरचा खुणांचा कोश बंद पडला. सन २०५८ मध्ये असं व्हावं म्हणजे कमालच! आयेशाला ऐकू येत नाही. कोशातले हलते हात बघून ती धडे समजून घ्यायची. चार दिवस झाले, ती शाळेत आलीच नाही.

तिची मैत्रीण मृण्मयी तडक भास्करआजोबांकडे गेली. शाळेचं संकेतस्थळ ज्या ‘चावडी’वर चालायचं, ती उभारणाऱ्यांपैकी ते एक. चावडी ही मुक्तस्रोत प्रणाली (जिची संहिता, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, कुणीही वाचावी, बदलावी).

“आजोबा, चावडी सगळ्यांची ना? मग बंद कशी पडली?”

“संहिता सगळ्यांची, बाळ. पण कोठार (दुरुस्त्या पुरवणारा संगणक) एकाच्या नावावर आहे. दुरुस्ती मिळाली नाही, की भाग आपोआप बंद पडतो. सुरुवातीला आम्ही पाचच टाळकी. म्हटलं, आपल्या आपल्यात कसली कागदपत्रं?”

“कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

कोशाची जोडणी (प्रणालीला लावलेला जादा भाग) नलिनी कामतांच्या गटाची. त्यांनी चावडीवर मोठा धंदा उभारला, पण तिच्या डागडुजीला एक माणूस दिला नाही. आजोबांचं डोकं फिरलं. त्यांनी कोठाराचं दार त्या गटाला बंद केलं.

“जिरवायची होती तिची,” आजोबा पुटपुटले.

“आणि जिरली कुणाची? आयेशाची!” मृण्मयीला रडू कोसळलं.

आजोबांनी लगेच दार उघडलं. पण तोवर तीनशे शाळा एका कंपनीच्या तयार संकेतस्थळांकडे निघून गेल्या होत्या, मृण्मयीचीही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! तिथली संहिता कुलूपबंद, आणि खुणांचा कोश ठेवणं कंपनीला परवडत नव्हतं.

“मग संपलंच सगळं?”

“संहितेची प्रत उरते. ती घेऊन कुणीही फाटा (मूळ प्रणालीपासून निघालेली वेगळी वाट) काढू शकतं. पण माणसं परत येतीलच असं नाही.”

सगळं पुन्हा एकाच्याच हाती राहू नये, म्हणून मृण्मयीच्या वर्गाने फाटा काढला. एका जुन्या संगणकावर कोश चालू झाला; हात अडखळत हलायचे, पण हलायचे. फाट्याचं कोठार पाच जणांच्या नावावर केलं, तिघांच्या संमतीशिवाय कुणालाही दार बंद करता येणार नाही असं ठरवून. नलिनीताईंचं नाव होतं, आयेशाचंही.

“आजोबा, तुमचं नाव घातलं नाही हं,” मृण्मयी चाचरत म्हणाली.

आजोबा म्हणाले, “बरं केलंस.”