लाल नकाशातले सहा जण

ज्याला पटेल त्याने ऐकावं. नाही पटलं तर सोडून द्यावं. मी यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं रात्रीच येतात असं मलाही वाटायचं.

हे घडलं २०१४ च्या जानेवारीत, एका मंगळवारी, लख्ख उजेडात. माली देशात, सेवारेहून बांदियागाराच्या कड्याकडं जाताना.

माझं नाव नुहू कोंताओ. जातीनं बोझो, म्हणजे नदीवरचा, मासेमारांच्या घरातला. पण मी होडी कधी हाकली नाही. मी गाडी हाकली. आतिमेची गाडी.

आतिमे डोगोन होता, कड्याखालच्या येंदुगो गावचा. डोगोन आणि बोझो यांच्यात थट्टेचं नातं असतं. वाट्टेल ते बोलायचं, वाट्टेल तशी शिवी द्यायची, राग मात्र धरायचा नाही. आणि एकानं हाक मारली तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. मी त्या दिवशी निघालो तो त्याच्यापायी.

सेवारेला आतिमेची एक खोली होती. बाहेर पाटी, आत एक टेबल, भिंतीवर कड्याचे फोटो. दारात आमची जुनी लँडक्रूझर. चौदा वर्षं आम्ही दोघांनी पाहुण्यांना कडा दाखवला. तो गाइड, मी ड्रायव्हर.

तो बोलायला लागला की लोक तोंड उघडं टाकून ऐकायचे. जर्मन, फ्रेंच, इटालियन... सगळं पाहुण्यांकडूनच शिकलेला. कड्याच्या पोटात हजार वर्षांपूर्वी कोण राहायचं, त्यांचे मेलेले कुठं ठेवलेत, सगळं असं सांगायचा की जणू हा तिथं हजर होता. तरुण पोरीसुद्धा फोटो काढायचं विसरायच्या.

मग उत्तरेत लढाई पेटली.

आमच्या कड्यावर तेव्हा एक गोळी सुटली नव्हती. पण परदेशातल्या सरकारांनी आपापल्या नकाशात आमचा सगळा भाग लाल रंगवला. लाल म्हणजे जाऊ नका. गेलात तर विमा नाही, आणि मेलात तर आम्हाला विचारू नका.

एका महिन्यात सगळी बुकिंगं रद्द झाली.

दुसरे गाइड पांगले. एक सोन्याच्या खाणीत गेला, एक बामाकोला फोनची कार्डं विकायला. मोठ्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात बेडकं झाली, मग पाणी आटलं तशी बेडकंही गेली.

आतिमे मात्र रोज आठला खोली उघडायचा. इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा.

"कोणी येणार नाही, कांदेखाऊ," मी म्हणायचो. "पाटी उतरव आणि गावी जाऊन कांदे लाव."

"तू तुझे मासे हुंग," तो म्हणायचा. "माझ्या धंद्यातलं तुला काय कळतंय? येतील."

पहिल्या वर्षी तो हे हसून म्हणायचा. दुसऱ्या वर्षी नुसतं "येतील" म्हणायचा.

नंतर नंतर काहीच म्हणेना.

त्या मंगळवारी सकाळी सातला त्याचा फोन आला. आवाज एकदम जुना. दोन वर्षांपूर्वीचा.

"नुहू! कुठं लोळतोयस? पाहुणे आलेत. सहा जण. गाडी आण."

मी उडालोच. चप्पल घालत घालत धावलो आणि गाडी काढून त्याच्या घरी गेलो.

त्याच्या घराच्या अंगणात पाण्याच्या बाटल्या रचून ठेवल्या होत्या. आतिमे इकडून तिकडं लगबगीनं फिरत होता. दारात त्याची बायको यागाना उभी. डोळे सुजलेले.

अंगणात दुसरं कोणीच नव्हतं...

"भावजी," ती हळूच म्हणाली, "पहाटेपासून हे चाललंय. चहा केला, सहा पेले मांडले, बोलतायत, हसतायत. मला तर कोणी दिसत नाही. तुम्हाला दिसतंय?"

"नाही वहिनी."

"मग आता?"

रिकामं बसून बसून माणसाचं डोकं फिरलं, एवढंच मला कळलं. ती मला म्हणाली, "त्यांना एकटं सोडू नका. तुमचं ऐकतात ते." मी म्हणालो, "वहिनी, नुसतं फिरवून आणतो. संध्याकाळी तुमच्या हवाली करतो."

हा शब्द मी दिला होता. मीच.

आतिमेनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. पाहुण्यांसाठी धरायचा तसाच. वाकून, हसून.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो होतो. आणि मला जाणवलं...

गाडी मागून किंचित खाली बसली.

मग पुन्हा.

मग पुन्हा.

सहा वेळा.

मी आरशात पाहिलं. मागची दोन्ही बाकं रिकामी. नुसता रेक्झिन.

गाडी खराब असेल, मी मनाला म्हटलं. स्प्रिंगचे पाटे गेले असतील. पण वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला रिकामी गाडी आणि भरलेली गाडी पायाला कळते. क्लच सोडला आणि मला कळलं. गाडी भरलेली होती.

रस्ताभर आतिमे मागे वळून जर्मनमध्ये बोलत होता. मला ती भाषा येत नाही. पण तो मध्येच थांबायचा, मान हलवायचा, ऐकायचा... मग हसून उत्तर द्यायचा. जेवढा वेळ प्रश्न विचारायला लागतो, बरोबर तेवढाच थांबायचा.

एकदा म्हणाला, "हळू घे रे मासेखाऊ. मागच्या बाईंना मळमळतंय."

मी हळू घेतली. काय करणार?

बांदियागाराच्या अलीकडं पोलिसांचा नाका. तिथला जमादार आम्हाला ओळखायचा.

"आतिमे! कुठं निघालास? आणि कुणाला घेऊन?"

"सहा पाहुणे, जमादार. कागद दाखवू?"

जमादारानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे, बरं नाही त्याला. जमादार बिचारा कसनुसं हसला आणि उगाच पाहिल्यासारखं करायला गाडीच्या मागं गेला.

बराच वेळ आलाच नाही.

आला तेव्हा तोंड राखेसारखं झालेलं. माझ्या खिडकीशी वाकून पुटपुटला, "नुहू, काच का धुरकटलीय?"

"कुठली काच?"

"मागची. आतून."

मी उतरून पाहिलं. जानेवारीतली आमची हवा म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा. ओठ फुटतात, लाकूड तडकतं. काचेवर वाफ कधी धरत नाही.

काचेवर वाफ धरली होती...

माणसं दाटीनं बसल्यावर धरते तशी. आणि मधोमध कोणीतरी तळव्यानं पुसून बाहेर बघायला गोल केला होता.

"मागं फिर," जमादार म्हणाला.

पुढून आतिमे ओरडला, "चल ना रे! ऊन चढलं तर यांना कडा चढवणार नाही!"

मी मागं फिरायला हवं होतं. पण दोन वर्षांत मी त्या माणसाला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. आणि नाही म्हणायचं नाही, हा आमचा नियम.

मी चाललो.

येंदुगोला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. त्या गावाचं पोट पाहुण्यांवर होतं. गाडीचा आवाज ऐकून लोक घराबाहेर आले. बायांनी घाईघाईनं नक्षीची लुगडी आणि लाकडी मुखवटे बाहेर काढून मांडले. दोन वर्षं पेटीत पडलेले.

आतिमे उतरला. मागचं दार उघडलं. एकेकाला हात देऊन उतरवलं.

बायांनी पाहिलं. कोणीच नव्हतं. एकीनं तोंडावर पदर घेतला.

दोमो म्हणून एक म्हातारा होता. पाहुणे उतरायचे ती जागा त्याचीच. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"पोरगा गेला कामातून," मी म्हटलं.

"वर बघू नकोस," तो म्हणाला. "खाली बघ."

मी खाली पाहिलं.

आतिमे चालला होता, बोलत. वाळूत त्याच्या चपलांचे ठसे उमटत होते. आणि त्याच्या मागे...

बुटांचे ठसे. जाड नक्षीच्या तळव्याचे. एकामागून एक, आपोआप, माझ्या डोळ्यांदेखत उमटत होते.

सहा जोड्या. आणि एका जोडीच्या बाजूला छोटी छोटी भोकं. काठी टेकत चालणारं कोणीतरी.

गावातली कुत्री भुंकायला लागली, आणि मग सगळी एकदम गप्प झाली.

मी धावलो. कड्याच्या पायवाटेवर त्याला गाठलं. मागून दगडावर काठीचा आवाज येत होता. टक... टक... आणि धापा. चढण चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या धापा.

मी आतिमेचा दंड धरला. "आतिमे, परत चल. हे बरं नाही. ही माणसं नाहीत."

"हळू बोल," तो म्हणाला. "एकाला फ्रेंच येतं."

"तुझ्या बायकोला मी शब्द दिलाय!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो वेडा नव्हता हो. डोळे स्वच्छ होते. हेच मला आजवर खातंय.

"नुहू," तो म्हणाला, "ते काय आहेत हे मला पहाटेच कळलं. चहाचे सहाच्या सहा पेले तसेच राहिले होते."

"मग?"

"मग काय? दोन वर्षांत मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. हे विचारतायत." तो हसला. "या वळणापुढं काय आहे, म्हणून विचारतायत. मला माहितेय काय आहे. सांगू नको का?"

"जाऊ नकोस."

"तीन दिवसांची वाट आहे. नेहमीचीच. परवा संध्याकाळी कोमोलेला गाडी घेऊन ये. आणि उशीर करू नकोस, कुजक्या माशा."

मी तेव्हा शिवी द्यायला हवी होती. आमच्यात शिवीला शिवी द्यावीच लागते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

टक... टक... आवाज माझ्या अंगाजवळून पुढं गेला. उन्हापासून बचावायला लावतात त्या क्रीमचा वास आला. चौदा वर्षं माझ्या गाडीला येणारा वास. माझे पाय तिथंच थिजले.

ते वळणावरून दिसेनासे झाले. म्हणजे तो दिसेनासा झाला.

त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

मला पाय उचलायला किती वेळ लागला माहीत नाही. दोमोनं गावातली चार माणसं आणली तेव्हा आम्ही वळणापुढं गेलो. धूळ मऊ होती, ठसे स्पष्ट होते. सहा जोड्या बूट नीट पुढं गेले होते.

चपलांचे ठसे आधी खोल होते. मग उथळ. मग नुसत्या टाचा.

मग नव्हतेच...

कडा तिथं तुटलेला नाही. पडायला जागा नाही. आम्ही खालची प्रत्येक कपार पाहिली. दोन दिवस हाका मारल्या. आमच्याच हाका परत यायच्या.

तिसऱ्या दिवशी मी खालच्या रस्त्यानं कोमोलेला गेलो, ती वाट जिथं संपते त्या गावाला. तिथं पाहुण्यांची व्यवस्था बघणारी एक म्हातारी होती, यासाना. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तुझे पाहुणे आले होते हो. देव पावला."

"तुला दिसले?"

"दिसले म्हणजे? सहा गोरी म्हातारी माणसं. एकीच्या हातात काठी. काल संध्याकाळी याच बाकावर बसली होती."

"आणि आतिमे?"

"कुठला आतिमे?"

"त्यांचा गाइड, मावशी! येंदुगोचा आतिमे! निळ्या शर्टातला!"

तिनं माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. "गाइड नव्हता. मलाच नवल वाटलं, या दिवसांत गाइडशिवाय कशी फिरतात. पण एक गंमत होती बघ... सगळी त्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिथं कोणी नाही, आणि ही माणसं ऐकतायत. मान हलवतायत. मध्येच सगळी एकदम हसली."



हे सगळं मी यागानावहिनीला सांगितलं. सगळं म्हणजे इथपर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऐकत होते ना? मग बोलणारा असणारच. तो आहे."

आतिमेचं क्रियाकर्म तिनं होऊ दिलं नाही. गावचे वडीलधारे समजवायला आले, त्यांना हात जोडून परत पाठवलं.

त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. नकाशा लालच आहे. पुढं खरोखरच गोळ्या सुटल्या, आणि कड्याखालची गावं ओस पडली. येंदुगोत माणूस नाही. दोमो गेला, यासाना गेली. खरंखोटं करायला आता कोणी उरलं नाही. मी त्याच गाडीत कांद्याची पोती भरतो आणि बाजाराला नेतो.

पण यासानानं मला आणखी एक गोष्ट सांगितली होती.

ती म्हणाली, सकाळी उठून बघते तर ते सहा जण बाकावर गप्प बसलेले. हसणं नाही, मान हलवणं नाही. एकमेकांकडंही बघत नव्हते. ऊन डोक्यावर आलं तरी तसेच. शेवटी ती काठीवाली बाई उठून तिच्याजवळ आली आणि मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं...

"आमच्याबरोबर एक माणूस होता. तुम्ही पाहिलात का त्याला?"

यासाना नाही म्हणाली. तशी ती म्हातारी रडायला लागली.

मग ते सहा जण उठले आणि त्याला हाका मारत कड्याच्या वाटेनं परत गेले.

यागानावहिनी अजून सेवारेलाच राहते. मी शुक्रवारी तिला कांदे द्यायला जातो. निघताना ती दर वेळी दारापर्यंत येते आणि विचारते, "भावजी, कोमोलेच्या त्या बाईनं आणखी काही सांगितलं होतं का हो?"

मी नाही म्हणतो.