गुरुवारचा बाजार, शुक्रवारचं विधेयक

"ओ टेपवाले! कुणाच्या सांगण्यावरून मोजताय?"

ऋषी दचकला. तो भाज्यांच्या दोन ढिगांमध्ये गुडघ्यांवर बसला होता. हातात मोजपट्टी होती, आणि तिचं दुसरं टोक कुणाच्या तरी मेथीच्या पाटीखाली अडकलं होतं. त्यानं वर पाहिलं. भुरभुर पावसात, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मोजत नाही... म्हणजे मोजतोय. पण तुमच्या विरोधात नाही."

"बिल्डरची माणसं असंच गोड बोलतात."

"अहो, मी सरकारी माणूस आहे."

"मग तर जास्तच लक्ष ठेवायला हवं."

"मैने," मागून तिची आई म्हणाली, "त्याला आधी चिखलातनं उठव तरी. पँट गेली बघ त्याची."

ऋषी उठला. दोन्ही गुडघ्यांवर दोन गोल डाग होते. मैनाला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं, पण तिला जरा उशीर झाला. ऋषीनं ते पाहिलं होतं.

विश्रांतवाडीच्या पुढे हे गाव आहे. काही वर्षांपूर्वी ते पुणे महापालिकेत सामील झालं. शेतं गेली, इमारती आल्या. गुरुवारचा आठवडे बाजार मात्र राहिला. एरवी त्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळतात, टेम्पो उभे असतात, कुणाची तरी शेळी चरत असते. गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. मैनाची आई हिराबाई मार्केट यार्डातून माल आणून तिथं बसायची. तिच्या आधी तिची सासू बसायची.

मैना कायदा शिकली होती आणि आमदार दुर्गाबाईंच्या संपर्क कार्यालयात काम करत होती. तुंबलेली गटारं आणि अडलेल्या पेन्शनी यांतून वेळ काढून तिनं एक विधेयक लिहिलं होतं. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. तो सभागृहात मांडतात, त्यावर चर्चा होते, आणि मंजूर झाला तर कायदा होतो. बहुतेक विधेयकं सरकार आणतं. पण जो आमदार मंत्री नाही, त्यालाही विधेयक मांडता येतं. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे दोन-अडीच तास राखलेले असतात. शहरात आलेल्या गावांच्या बाजाराच्या जागा कुणी काढून घेऊ नयेत, असं मैनाचं विधेयक होतं. घाई होती, कारण पावसाळा संपला की या मैदानावर पार्किंग बांधायचं ठरलं होतं.

ऋषी पुण्यातल्याच एका सरकारी संचालनालयात होता. अशा जागांची फाईल त्याच्या टेबलावर होती.

"फाईलमध्ये दोनदा लिहिलंय, जागा रिकामी आहे," तो टेप गुंडाळत म्हणाला. "कुणी वापरत नाही."

"कधी आले होते तुमचे लोक बघायला?"

"एकदा मंगळवारी. एकदा शनिवारी."

मैना त्याच्याकडे बघतच राहिली. "गुरुवारचा बाजार बघायला मंगळवारी?"

"म्हणून मी गुरुवारी आलो."

मैनानं वाकून मेथीच्या पाटीखाली अडकलेलं टेपचं टोक सोडवून दिलं.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. टेप नव्हता.

"आज काय मोजायचंय?"

"आज... भाजी घ्यायची आहे. कोथरूडहून आलोय."

"कोथरूडात भाजी मिळत नाही?"

"मिळते. पण तिथं कुणी अंगावर ओरडत नाही."

"मग घ्या की. ओरडणं फुकट आहे आमच्याकडे."

हिराबाईंनी जुडी बांधता बांधता त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कोथरूडातनं हितवर मेथीला येतोस व्हय? मेथीपेक्षा पेट्रोलच जास्ती लागत आसंल."

"मेथी चांगली असते तुमची, मावशी."

"मेथी सगळीकडं सारखीच आसती," हिराबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

असे काही गुरुवार गेले. सर आली की तो हिराबाईंच्या मालावर ताडपत्री धरायचा. एक टोक त्याच्या हातात, समोरचं मैनाच्या. पावसाचं पाणी ताडपत्रीच्या मधोमध साचायचं आणि त्या पाण्यावरून दोघं एकमेकांकडे बघायची. मग दोघांपैकी कुणी तरी टोक उचलायचं, पाणी सांडायचं, आणि बघणं तिथंच संपायचं. बोलणं व्हायचं ते वांग्यांवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, त्याच्या साहेबांच्या घोरण्यावर. ऋषीला वाटे, आज बोलू. मैनाला वाटे, बोलला तर बरं... नाही बोलला तरी ठीक. दुसरं खरं नव्हतं.

जुलैत मुंबईला अधिवेशन सुरू झालं. अधिवेशनात रोजच्या कामाची एक यादी निघते. तिला कामकाजाचा क्रम म्हणतात. आधी प्रश्नोत्तरं, मग लक्षवेधी सूचना, मग सरकारी विधेयकं, असं सगळं त्यात ओळीनं लावलेलं असतं. मैनाच्या कार्यालयातले संपतकाका दररोज तो छापून फळ्याला लावत. बुधवारीच आलेल्या, येत्या शुक्रवारच्या यादीत, अशासकीय विधेयकांमध्ये, क्रमांक सहा दुर्गाबाईंचा, म्हणजे मैनाच्या विधेयकाचा होता. मैना फळ्यासमोरून हलेना.

"आता फ्रेम करू का त्याची?" संपतकाकांनी विचारलं.

त्याच दुपारी ऋषी आला. पहिल्यांदाच गुरुवार सोडून, आणि पहिल्यांदाच कार्यालयावर. आत मात्र आला नाही. पत्र्याच्या शेडखाली हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. मैना बाहेर गेली.

"तुमच्या विधेयकावर आमच्या खात्याचा अभिप्राय मागवलाय," तो म्हणाला. "तो मला लिहायचाय. मंत्री त्यावरूनच उत्तर देतील."

"मग चांगलंच आहे की!"

"म्हणून मी आता गुरुवारी येणार नाही. विधेयकाचं होईपर्यंत."

"का? मेथी आवडेनाशी झाली?"

"लोक बोलतील, मैना."

"काय बोलतील?" तिनं एक पाऊल पुढे टाकलं. "काय आहे आपल्यात, की लोक बोलतील?"

ऋषीनं हेल्मेटचा पट्टा लावला. मग काढला. पुन्हा लावला.

"हे... हे आधी होऊ दे. मग सांगतो."

"बरं. अभिप्राय काय लिहिणार?"

"ते सांगता येणार नाही."

"बाजूनं की विरोधात, एवढं तरी?"

"तेवढंच तर सांगता येणार नाही."

तो गेला. संपतकाका दोन चहा घेऊन बाहेर आले आणि रस्त्याकडे पाहून म्हणाले, "गेला होय? बरं झालं. हा पण मीच पितो. चहा वाया जायला नको, बाकी काय जायचं ते जाऊ दे."

यादीत नाव आलं म्हणजे पाळी येतेच असं नाही. त्या शुक्रवारी सरकारी विधेयकावरची चर्चा लांबली, मग गोंधळ झाला आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. आता शेवटचा एकच शुक्रवार उरला. तोही हुकला, तर विधेयक पुढच्या अधिवेशनावर जाणार होतं आणि तोवर मैदानावर सिमेंट पडलं असतं.

मधल्या गुरुवारी पाऊस होता. ताडपत्रीचं दुसरं टोक मैनानं खांबाला बांधलं.

"तुझा टेपवाला आला न्हाई," हिराबाई म्हणाल्या.

"माझा कुठला?"

"मग काय माझा?"

शेवटच्या शुक्रवारी मैना आणि संपतकाका कार्यालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसले. सभागृहाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. क्रमांक चारवर एक आमदार इतके बोलले, की संपतकाकांनी त्यांना पडद्यावरच हात जोडले. मग अध्यक्षांनी पाचवा क्रमांक पुकारला. ते सदस्य जागेवर नव्हते. ज्याचं विधेयक, त्यानं हजर असावं लागतं. नसेल तर सभागृह थांबत नाही.

"क्रमांक सहा."

दुर्गाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी बाजाराबद्दल थोडक्यात आणि नीट सांगितलं. मैनानं लिहून दिलेलं त्यात सगळं आलं. मग मंत्री उठले, आणि मैनानं टेबलाची कड घट्ट धरली.

"या जागा आमच्या नोंदीत रिकाम्या आहेत," मंत्री म्हणाले. "त्या नोंदी चुकीच्या आहेत. पाहणी बाजाराच्या दिवशी झालीच नव्हती. आता झाली आहे. जागा वापरात आहेत."

"शाब्बास!" संपतकाका ओरडले.

"परंतु हे विधेयक शासनाला स्वीकारता येणार नाही. यात गावांमधल्या सर्व मोकळ्या जागा बाजारासाठी राखाव्यात असं म्हटलं आहे. त्यात शाळांची मैदानंही जातील. माझं सन्माननीय सदस्यांना आश्वासन आहे, की बाजाराच्या जागांची वारानुसार नोंद केली जाईल, आणि ती होईपर्यंत तिथं दुसरं कुठलंही काम होणार नाही. त्यांनी विधेयक मागे घ्यावं, ही विनंती."

दुर्गाबाईंनी विधेयक मागे घेतलं. पुढचा क्रमांक पुकारला गेला. एवढा वेळ वाट पाहिलेली गोष्ट काही मिनिटांत संपली होती.

मैनानं मसुदा काढला. 'सर्व मोकळ्या जागा.' शब्द तिचेच होते. किती तरी वेळा वाचूनही तिला त्यात शाळा दिसली नव्हती.

थोड्या वेळानं फोन वाजला. "मैना, रडतेयस का?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही, ताई."

"मग आवाज असा का? हे बघ, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द नोंदला जातो. तो पाळला की नाही, हे विचारायला एक समितीच असते. विधेयक मताला टाकलं असतं तर पडलं असतं आणि हातात काही उरलं नसतं. पार्किंग थांबलं ना?"

"थांबलं. पण ताई, विरोधात लिहिलं होतं..."

"ज्यानं लिहिलं त्यानं जागा बघून लिहिलंय. इतकी वर्षं मी उत्तरं ऐकतेय. जागा बघून लिहिलेलं लगेच कळतं."

पुढच्या गुरुवारी पाऊस नव्हता. ऋषी आला. मैनानं आठवडाभर मनात राग नीट लावून ठेवला होता, पण ऋषी समोर आल्यावर त्यातला अर्धा कुठं गेला ते तिला कळेना. उरलेला तिनं वापरला.

"विरोध तुम्ही लिहिलात."

"हो."

"चूक दिसली होती तर मला सांगायची. मी त्याच दिवशी दुरुस्त केली असती."

"सांगितली असती, तर लोक म्हणाले असते, यानं पोरीसाठी फाईल फिरवली. मग जागा वापरात आहे, हे तरी कुणी मानलं असतं का?"

मैना कोथिंबिरीची जुडी उगाच सोडू लागली. तिला राग नेमका कशाचा आला होता, ते आता तिच्या लक्षात येत होतं.

"मला वाटलं होतं, तुम्ही हो म्हणाल. माझ्याकडे बघून."

"तुमच्याकडे बघून मला काहीच लिहिता आलं नसतं," ऋषी म्हणाला. "म्हणून तर यायचं बंद केलं."

"ताई, कोथिंबीर कशी दिली?" एका गिऱ्हाइकानं मध्येच विचारलं. मैनानं सोडलेली जुडी तशीच त्याच्या पिशवीत टाकायला घेतली. हिराबाईंनी ती तिच्या हातातून काढली. "तू बोल. गिऱ्हाईक मी बघती."

मैनानं ओढणीला हात पुसले. वेळ काढायला तिच्याजवळ आता दुसरं काही नव्हतं.

"मी एक विचारलं होतं. शेडखाली."

"माहितेय."

"काय आहे आपल्यात, की लोक बोलतील?"

ऋषीनं आजूबाजूला पाहिलं. कांदेवाली बघत होती. मसालेवाला बघत होता. शेंगावाल्यानं तराजू हातातच धरून ठेवला होता.

"लोक जे बोलले असते..." त्याचा आवाज बारीक झाला. मग त्यानं तो थोडा वर आणला. "ते खरं आहे. माझ्या बाजूनं तरी."

"माझ्या बाजूचं काय?"

"त्यावर अभिप्राय द्यायचा मला अधिकार नाही."

मैना हसली. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

"सगळा बाजार बघतोय."

"हो... जाऊ का मी?"

"उद्यापर्यंत गावभर होईल."

"म्हणूनच म्हणतोय, जाऊ का?"

"आता जाऊन काय उपयोग?" ती म्हणाली. "इथं बस. असा उभा राहिलास की फार लांबून दिसतोस."

ऋषीनं खाली पाहिलं. बसायला तिथं जागाच नव्हती. एका बाजूला पाट्या, दुसऱ्या बाजूला वांग्यांचा ढीग. हिराबाई गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होत्या. भांडता भांडताच, त्याच्याकडे न बघता, त्यांनी बुडाखालचं पोतं थोडं पलीकडे ओढलं आणि जागा केली.