भाव ठरवायला आलेला माणूस

कदंबम, म्हणजे मिश्र फुलांचा गजरा, घ्यायला मी फुलवालीपाशी थांबले होते, आणि माझ्या पुढे उभा असलेला उंच मनुष्य काही घेतच नव्हता. नुसता भाव विचारत होता. मोगऱ्याचा, मरव्याचा, कदंबमचा... ऐप्पसी महिन्याचा बारीक पाऊस त्याच्या चष्म्यावर साचत होता, तरी हलायला तयार नाही. "कंजूष मेला," मी मराठीत पुटपुटले. तंजावुरात तेवढी सोय असते, भर बाजारात मराठीत बोललं की सहसा कुणाला कळत नाही.

त्याने वळून चष्मा पुसला. "घेणारा आहे हें कळलं की भाव चढतो," तो मराठीतच म्हणाला, "म्हणून सांगिटलं नाही."

मी फुलं न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य आमच्या निधीत अप्पांसमोर बसलेला! निधी म्हणजे राजवाड्याच्या आसपासच्या आम्हा मराठी घरांची छोटीशी कंपनी. लोक ठेवी ठेवत, निधी ते पैसे शेअरांत गुंतवी. अप्पा, म्हणजे माझे वडील वेंकटराव, तिचे सेक्रेटरी, आणि मी भामा, तिथली टायपिस्ट. ही गोष्ट एकसष्ट सालची. कुंभकोणमची एक मोठी बँक निधीला पोटात घेणार होती, आणि त्याआधी निधीजवळ काय आहे, ती लोकांचं काय देणं लागते, त्या सगळ्याची आजची किंमत ठरायची होती. त्यासाठी मद्रासच्या ऑडिटरांनी याला धाडलं होतं. नाव चिदंबर, मूळचा पापनाशमचा, आमच्यातलाच. किंमत कमी ठरली तर गल्लीतल्या लोकांच्या ठेवींना कात्री लागणार होती, म्हणून अप्पांना घास गोड लागत नव्हता.

सगळं अडलं होतं ओरत्तनाडूच्या भातगिरणीच्या शेअरांवर. ते बाजारात विकले जात नसत. अप्पा म्हणत, कागदावर छापलीय ती किंमत धरा. बँकेचे लोक म्हणत, गेल्या वर्षी एकाने निम्म्याला विकले, तो भाव धरा. चिदंबरने दोन्हींना नकारार्थी मान हलवली. त्या विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्याने विकले ते अडून विकले, असं त्याचं म्हणणं. विकणाऱ्याला घाई नाही, घेणारा अडलेला नाही, असे दोघे समोरासमोर बसले तर जो ठरेल तो आजचा खरा भाव. मग तो बसने ओरत्तनाडूला जाऊन गिरणी बघून येई, दहा जणांना विचारी, आणि संध्याकाळी माझ्याकडून आकडे टाइप करून घेई.

मी मुद्दाम चुका करू लागले, हे आता लपवण्यात काय अर्थ? चूक झाली की तो माझ्या टेबलाशी येऊन वाकून दाखवायचा, आणि दाखवून झालं तरी लगेच जायचा नाही. एकदा मी विचारलं, माणसाचा भाव कसा काढतात? तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला, माणसाचा काढायचा नसतो. त्या रात्री मला झोप आली नाही. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

आणि मग घोटाळा झाला. खाणावळीत जेवतो बिचारा, म्हणून अप्पांनी त्याला घरी फराळाला बोलावलं. शेषम्मा अत्ते, अप्पांची बहीण, आमचं घर तीच चालवी. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं: केशरी सोज्जी, म्हणजे रव्याचा शिरा, आणि कच्च्या केळ्याची खास बज्जी, म्हणजे भजी. आमच्या मुलखात लग्नाच्या मुलापुढे सोज्जी-बज्जी एकत्र आली की तिचा अर्थ एकच, मुलगी दाखवताहेत. अप्पांच्या डोक्यात तसं काही नव्हतं. अत्तेच्या होतं, नाहीतर तिने मला रेशमी पातळ कशाला नेसवलं असतं?

त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाला. "क्षमा करा... हें मला खातां येणार नाही," म्हणून तो उठलाच. ताटाला न शिवता निघून गेला. आमच्याकडे याला मुलगी नाकारणं म्हणतात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, आणि सकाळच्या गाडीने तो मद्रासला गेल्याचं कळलं. मी रागाने आणि लाजेने रडले, आणि त्याहून जास्त तो गेला म्हणून रडले.

त्याच्या जागी राममूर्ती नावाचे म्हातारे ऑडिटर आले. अप्पांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "या निधीत असं काहीतरी आहे की मला आता तिऱ्हाइतासारखं बघता येत नाही," एवढंच सांगून चिदंबरने काम परत दिलं. अप्पांचा चेहरा उतरला. आपल्या हिशेबात त्याला काहीतरी वावगं सापडलं, असंच त्यांनी धरलं आणि सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. मी मात्र टाइपरायटरपुढे थिजून बसले. ते "काहीतरी" काय असेल, याचा अंदाज करायचीही मला भीती वाटत होती.

राममूर्तींनी चिदंबरच्या अंदाजापेक्षा भाव थोडा कमीच धरला, पण ठेवी वाचल्या. सह्या झाल्या. आणि त्याच आठवड्यात निधीच्या पायरीवर चिदंबर उभा. बाहेर पावसात जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, त्याचे आईवडील बसलेले.

"अप्पांना झोप नाही इतके दिवस," मी म्हटलं. "काय वावगं होतं ते सांगा तरी."

"वावगं काही नव्हतं. तुम्ही होतां." तो पायरीकडे बघत बोलत होता. "भाव चांगला धरला असता तर लोक म्हणाले असते, मुलीसाठी धरला. तें ताट खाऊन मला त्या शेअरांवर सही करतां आली नसती."

"मग मला सांगून जायचं होतं."

"सह्या होईस्तोवर बोलायचं नाही, असं ठरवलं होतं."

"आणि तोवर अत्तेने माझं दुसरीकडे ठरवलं असतं तर?"

त्याने चमकून वर पाहिलं. चेहऱ्यावरचा रंगच गेला. दहा माणसांना विचारल्याशिवाय गिरणीच्या एका शेअरची किंमत न सांगणारा हा मनुष्य, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"ठरवलं आहे?" त्याने विचारलं.

मला त्याला थोडं छळायचं होतं, इतक्या दिवसांचं उसनं फेडायचं होतं. पण त्याच्याकडे बघून ते जमेना.

"नाही," मी म्हटलं. "मी ठरवू दिलं नसतं. आईवडिलांना पावसात कशाला बसवलंय? आत आणा."