रिकाम्या जागेचा ठोकळा

त्या ग्रंथालयात एक नियम होता. कपाटातून पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायची: काय नेलं, कोणी नेलं, परत कधी येणार. नियम गोऱ्या साहेबाने आणला, पण तो हाडीमाशी खिळला ग्रंथपालाच्या. त्या खुर्चीवर बसलेला तो पहिलाच देशी माणूस. खुर्ची तो इतकी जपायचा की बायको तिला सवत म्हणायची.

एक दिवस जप्तीचा हुकूम आला. पुस्तक एकच होतं, त्याच्या दिवंगत गुरुजींनी लिहिलेलं. त्यांनीच हात धरून त्याला पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

"जाळा, नाहीतर खुर्ची सोडा," साहेब म्हणाला.

ग्रंथपालाने भर दुपारी मागच्या अंगणात पुस्तक जाळलं. डोळ्यांत धूर गेला, असं त्याने म्हाताऱ्या शिपायाला सांगितलं. मग आत येऊन सवयीने मोकळ्या जागी ठोकळा ठेवला, आणि सवयीनेच चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि आठवड्यानंतरची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर त्याच पुस्तकाची मागणी आली. वाचकाचं नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन मागण्या आल्या. आठवड्याअखेर ओंजळभर चिठ्ठ्या साचल्या. सगळ्या कोमट होत्या आणि त्यांना काजळीचा वास होता.

"दादा, हे कोण आणून ठेवतं?"

"आतूनच येतात, भाऊसाहेब."

"आत वाचकांना मज्जाव आहे."

"म्हणून तर मी विचारत नाही." शिपाई घुटमळला. "पुस्तक तुमच्या नावावर आहे. आज तारीख भरली. देऊन टाका की."

"कुठून देऊ?"

शिपायाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

ग्रंथपालाला ठोकळ्यावरची स्वतःच्या नावाची चिठ्ठी आठवली. साहेबाने ती चिठ्ठी पाहिली, तर पुस्तक घरी लपवलंय असंच तो म्हणणार. त्याने चिठ्ठी टराटरा फाडली आणि ठोकळा अंगणातल्या विहिरीत टाकला.

सकाळी तो वेळेवर आला. शिपायाने सलाम केला नाही.

खुर्चीवर ठोकळा होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"ग्रंथपाल कुठे आहे?" साहेबाने दारातून विचारलं.

"मी इथेच आहे, साहेब!"

कोणी वळून पाहिलं नाही. शिपायाने वाकून ठोकळ्यावरची चिठ्ठी वाचली.

"त्यांना नेलंय, साहेब."

"परत कधी येणार?"

ग्रंथपालही वाकला. चिठ्ठीवर त्याचंच नाव होतं, लहानपणी गुरुजी पाटीवर गिरवायला देत त्याच वळणदार अक्षरात.

तारखेची जागा कोरी होती.