सव्वादोन

बांगडीवाली चांदबी एकदा हात दाबायची आणि माप सांगायची. भूकंपाच्या आदल्या दिवशी, गणपती विसर्जनाला, तिनं सिंधूच्या चार वर्षांच्या ऋतुजाला हिरव्या, पिवळ्या ठिपक्यांच्या बांगड्या भरल्या. माप दीड. पहाटे गावच बसलं. ढिगाऱ्यातून सिंधू जिवंत निघाली. पाठुंगळीला ऋतुजा, गार पडलेली, मुठीत आईचा खांदा. ती मूठ चांदबीनंच सोडवली होती.

वर्षाच्या आत त्याच खांद्यावर गाठ आली. चामडीची, लाखात एखाद्याला होणारी. लातूरच्या डॉक्टरांनी ती मुळासकट काढली.

पुढं एकवीस वर्षं काही नाही. सिंधू लातुरात क्लासच्या पोरींना डबे देऊ लागली, चांदबी त्याच गल्लीत बांगड्या घेऊन बसू लागली. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी कसल्या बांगड्या भरतात! धंदा बसला, पण दोघींचा जीव एकमेकींत गुंतला.

आणि यंदा जुन्या टाक्यांखालून गाठ परत वर आली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ वीस वर्षांनीही उलटते. काढली नाही तर जिवावर बेतेल."

सिंधू ऑपरेशनच्या कागदावर सही करेना. खाटेवर बसून तिनं पदर सारला.

"मावशी, एकदा दाबून बघा. तुमाला कळंल."

चांदबीला हसू आलं. तिनं हात लावला आणि हसू विरलं. गाठीवर चार उंचवटे होते, पाचवा जरा बाजूला. अंगठ्यानं रेटताच गाठ मऊ पडून आत मिटली. बांगडीची सवय असलेला हात मिटतो, तशी.

सव्वादोन. भरल्या वयातल्या बाईचा हात.

"माप काय हाय?" सिंधूनं हळूच विचारलं.

खरं सांगितलं तर सिंधू गाठ काढू देणार नाही, आणि मरेल. चांदबीनं तिचा पदर परत खांद्यावर ओढला.

"येडी का काय, पोरी? गाठीला कुठं माप आस्तंय? कर सही."

सिंधू तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच सिंधूनं खांदा चाचपला आणि हमसून रडली.

"लई हलकं वाटायलंय, मावशी."

चांदबीला तिच्याकडं बघवेना.

सिस्टरनं पुडी आणून दिली. "यांच्या बांगड्या. आत नेताना काढल्या होत्या."

सिंधूच्या लाल, अडीचच्या. त्यांत एक हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची. ती नक्षी भूकंपानंतर बाजारात कधी आलीच नव्हती.

आपला हात चुकावा, असं चांदबीला जन्मात पहिल्यांदा वाटलं. तिनं बांगडी बोटांवर फिरवून पाहिली.

सव्वादोनच होती.