पाचवं सॉफ्टवेअर

माझ्या लॅपटॉपची वायर उपटून त्या माणसानं तिथं स्वतःची खुपसली, आणि माझी स्क्रीन काळी झाली. बॅटरी कधीचीच मेलेली. तासभर घेतलेल्या नोट्स, तीन रंगांच्या खुणा... सगळं गेलं!

"अरे, डोळे आहेत की बटणं?" मी ओरडले. ग्रंथालयातली सगळी डोकी वळली.

"सॉरी... मला वाटलं, चार्ज झाला असेल." भिजलेली बॅग पोटाशी धरून तो उभा होता, केसांतून पाणी गळत होतं. वर म्हणतो कसा, "पण तुझं सॉफ्टवेअर आपोआप सेव्ह करत नाही? मग वापरतेस कशाला?"

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. हसला की त्याच्या गालाला खळी पडते, हे नेमकं तेव्हाच दिसायची काही गरज नव्हती.

जोमार दुमलाव. शेजारच्या तुकडीतून आमच्या वर्गात आलेला, रोज बुलाकानहून बसनं येणारा. आणि मी लोरेन पांगिलिनान, वर्गाची बीडल. म्हणजे मॉनिटर, म्हणजे सगळ्यांची हक्काची मोलकरीण. आमच्या कायद्याच्या कॉलेजात अभ्यासाचे खटले वाटून घेतात. ज्याच्या वाट्याला जो येईल त्यानं त्याचा सारांश लिहायचा आणि बाकीच्यांनी तो घोकायचा. हे सारांश कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे, ते ठरवणं माझ्या गळ्यात पडलं होतं.

पहिलं सुंदर होतं, पण फोनवर उघडेना. दुसरं महिनाभर फुकट, मग पैसे मागू लागलं. तिसऱ्यानं सगळ्या तारखा उलट्यापालट्या केल्या. दर वेळी मी मतदान घ्यायचे, दर वेळी सगळे हात वर, आणि मागच्या बाकावर एकजण हाताची घडी घालून.

"माझं विरोधी मत लिहून घे, बीडल."

"आता काय खुपलं?"

"नेटशिवाय उघडत नाही. बसमध्ये नेट नसतं."

"मग बसमध्ये झोप!"

"झोपलो तर तू स्वप्नात येऊन मतदान घेतेस..."

वर्ग खिदळला. माझे कान तापले. त्याचं लाडकं सॉफ्टवेअर मी पाहिलं होतं — राखाडी, ओकंबोकं, सरकारी कचेरीच्या भिंतीसारखं. मी हट्टानं चौथं निवडलं. वेगवेगळ्या लेबलांना वेगवेगळे रंग, अगदी आंब्याच्या पोळीपर्यंत सगळ्या छटा. ते रंग निवडण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि माझ्या वाट्याचा खटला मी घाईघाईत शेवटची पानं वाचून उरकला.

खरं तर ही चैन मला परवडणारी नव्हती. करारांच्या तासाला मॅडम नावांचे पत्ते पिसतात. ज्याचा पत्ता निघेल त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. मी आधीच दोनदा गप्प उभी राहिले होते. आणखी एकदा तसं झालं की विषय गेला, विषयाबरोबर शिष्यवृत्ती गेली, आणि मी गावी, सान फर्नांदोला, आईच्या तोसिनोच्या टपरीवर साखरेत मांस मुरवत बसले असते.

नेमका पुढच्याच तासाला माझा खटला निघाला. गाभण म्हैस विकली, पैसे थोडे दिले, ताबा द्यायच्या आधी ती व्याली. रेडकू कुणाचं?

"विकणाऱ्याचं, मॅडम," पहिला म्हणाला.

"उभेच राहा."

दुसराही तेच म्हणाला. तिसरीही, शब्दही तेच. एकेक करत अर्धा वर्ग उभा राहिला आणि मी घाईनं खटला पुन्हा उघडला. शेवटची पानं... ती निकालाची नव्हतीच! निकालाशी असहमत असलेल्या एका न्यायाधीशांची होती. मी सगळ्या वर्गाला हरलेली बाजू घोकायला लावली होती.

"मिस्टर दुमलाव?"

तो उठला. "रेडकू घेणाऱ्याचं, मॅडम. करार झाला तिथपासून." सगळं नीट सांगितलं त्यानं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं... "पण एका न्यायाधीशांचं मत वेगळं होतं. आमच्या बीडलनं ते फार बारकाईनं वाचलंय."

मेल्या! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"असं?" मॅडमनी पत्ते खाली ठेवले. "मिस पांगिलिनान, सांगा."

मी उठले. तेवढंच तर मला पाठ होतं. पैसे पुरते दिले नव्हते, म्हणून ताबा द्यायची वेळच आली नव्हती, म्हणून रेडकूही... मी बोलत गेले. मॅडम मान हलवत होत्या.

"छान. बसा."

बसा! हा शब्द इतका गोड असतो, मला माहीतच नव्हतं.

तास सुटल्यावर चूक माझी होती हे मी वर्गाला सांगितलं, शिव्या खाल्ल्या, सगळ्यांना तुरोन, म्हणजे पाकातले केळ्याचे रोल, खाऊ घातले आणि बस स्टॉपवर त्याला गाठलं.

"माझं नाव कशाला घेतलंस? बोबडी वळली असती तर?"

"नसती वळली." तो तुरोनचा पाक बोटावरून चाटत होता. "सारांश तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते बसमध्ये उघडेना. म्हणून मी माझ्या सॉफ्टवेअरमधला अख्खा खटला वाचला. वर्गात शिरलो, सगळ्यांचं एकच उत्तर ऐकलं, तेव्हाच कळलं, तू काय घोळ घातलायस."

"मग मला आधी सांगायचंस!"

"आधी कसं? बस पाण्यात अडकली, तास सुरू झाल्यावर पोचलो." मग खाली बघत, हळूच — "लोरेन, तू नापास होऊन घरी गेली असतीस तर मी विरोध कुणाला केला असता?"

इतके दिवस ज्याच्यावर चडफडले, तो दिसला नाही की माझा दिवस फुकट जायचा. हे मला कधीचं ठाऊक होतं. मेलं कबूल करवत नव्हतं एवढंच.

"पाचवं तुझं घेऊ या," मी वैतागून म्हटलं. "ते राखाडी."

"आधी दुसरं मतदान. शनिवारी माझ्याबरोबर जेवायला येण्याच्या बाजूनं कोण?" त्यानं स्वतःचा हात वर केला. स्टॉपवरची माणसं बघायला लागली.

"विरोधी मत लिहून घ्यायचं?" त्यानं विचारलं. खळी पडली होती, पण आवाज कापत होता...

मी हात वर केला. बस आली, माणसं चढली, आणि माझा तो हात त्यानं हातात धरला, खाली येऊच दिला नाही.