दुसऱ्या ट्रान्झिस्टरची जागा

मामांचे हात बारमाही थंड असत. बेडकालाही लाज वाटावी इतके. एरवी त्यात काही बिघडत नव्हतं. पण जुन्या ट्रान्झिस्टरच्या कामात थंड हाताचा माणूस म्हणजे तोतरा निवेदक.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मामा गिटारवाल्यांसाठी पायाने दाबायचे डबे बनवत. तारेचा सूर एका बाजूने आत गेला की दुसऱ्या बाजूने एक सप्तक वर चढून, जरा खरखरत बाहेर येई. त्यात जादू काही नाही. सूर म्हणजे हेलकावा. एक ट्रान्झिस्टर त्याचा वरचा अर्धा भाग पुढे पाठवतो, दुसरा खालचा अर्धा भाग उलटा करून वर पाठवतो. जिथे एक शिखर होतं तिथे दोन होतात आणि सूर दुप्पट उंच होतो. मात्र दोघे अगदी सारखे हवेत. एक कमी पडला की उरते नुसती खरखर. "संसारासारखंच," असं मामा गिऱ्हाइकांना सांगत. स्वतः लग्न न केल्यामुळे फार ठामपणे सांगत.

जोड्या जुळवायचं काम ताईचं. मामांची ही थोरली बहीण चाळीस वर्षं समोरच्या स्टुलावर बसून, अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवलेले, पत्र्याची टोपी घातलेले ट्रान्झिस्टर एकेक करून उचलायची. हे जुने ट्रान्झिस्टर ऊब लागली की बदलतात. म्हणून मीटरला लावलेला ट्रान्झिस्टर ताई चिमटीत धरून तीस आकडे मोजायची आणि काटा किती सरकतो ते पाहायची. दोघांचा काटा सारखाच सरकला की जोडी जुळली. मग दोघांच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. नखांना तिने ते आयुष्यात लावलं नाही.

ताईला जाऊन अकरा महिने झाले होते. तेवढ्या काळात मामांनी रेडिओ दुरुस्त केले, इस्त्र्या दुरुस्त केल्या, एकदा तर कुणाचा चष्माही केला. जोडी एकही जुळवली नाही.

आणि आज दुपारी ताईची लेक डबा पोटाशी धरून जिना चढून आली.

"मामा, हा गेला."

"बघतो. रडू नकोस."

"रडत नाहीये. पाचला रेकॉर्डिंग आहे. सगळं गाणं याच्यावर उभं आहे. आईने जुळवलेली शेवटची जोडी होती ही."

"माहीत आहे. समोरच बसलो होतो मी."

"मग तसाच आवाज दे. 'साधारण तसा' नको."

"आईवर गेलीस अगदी."

"चारला येते. आणि काहीतरी खाऊन घे."

डब्यातल्या दोघांपैकी एक ट्रान्झिस्टर मेला होता. मामांनी तो सॉकेटमधून उपटून काढला आणि उरलेल्याचा जोडीदार शोधायला बसले. मीटर लावला, चिमटीत धरलं, तीस मोजले. काटा ढिम्म. हात काखेत घालून गरम केले. काटा किंचित हलला, पण कीव आल्यासारखा. मग चहाच्या कपाला बोटं लावून पाहिली. तेव्हा काटा असा धावला की दोन ट्रे वाया गेले.

मधेच टकलाला छान ऊब लागली. खिडकीतून ऊन आलं असावं. अकरा महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. डोळे मिटले. ऊब निघून गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण सवयीने मोजत होतो, आणि तीसवर आलो होतो.

साडेतीनला एक बरा ट्रान्झिस्टर सापडला. तो त्यांनी कागदावर ठेवला, डबा जोडला आणि भिंतीवरची गिटार काढली.

वरच्या पट्टीतला एक सूर छेडला.

सप्तक उमटलं. स्वच्छ, गोल. शेजारच्या खोलीत काम करता करता कुणीतरी गुणगुणावं तसं. मामा वाजवत राहिले. खोली सैल झाल्यासारखी वाटली. ट्रे, तारा, समोरचं स्टूल, सगळं पाण्याखालून दिसावं तसं. त्यांचा सूर थांबला तरी वरचा सूर क्षणभर मागे रेंगाळायचा. कपॅसिटर जुना असणार, त्यांनी ठरवलं. मग तो थोडा आधी यायला लागला. त्यासाठी मात्र त्यांना कुठला सुटा भाग आठवेना.

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं.

दुसरं सॉकेट रिकामं होतं.

सापडलेला ट्रान्झिस्टर कागदावरच होता. लावायचा राहून गेला होता.

मामांनी चष्मा पुसला. सॉकेटमध्ये फुंकर मारली. पुन्हा सूर छेडला.

सप्तक.

मग ते हळूहळू दबत गेलं. ऊब लागलेला ट्रान्झिस्टर दबतो तसं. मामांनी मोजलं. तीसला ते पुन्हा मोकळं झालं.

त्यांनी रिकाम्या सॉकेटजवळ बोट नेलं. तिथे कोमट होतं.

जिन्यावर पावलं वाजली. मामांनी घाईघाईने नवा ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये खोचला. रिकाम्या जागेचा डबा गिऱ्हाइकाला देणं धंद्यात बसत नाही.

भाचीने वाजवून पाहिलं. सप्तक आलं. सगळं जिथल्या तिथे.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली, "पण हा तो नाही, मामा."

"जोडी जुळलीये गं."

"नाही ना पण." या वेळी मात्र ती रडण्याच्या बेतात होती. "जाऊ दे. गाणं पुढे ढकलते."

"थांब. पाणी पी, तो माठ तिकडे आहे."

तिची पाठ वळताच मामांनी ट्रान्झिस्टर काढून घेतला. चार स्क्रू आवळले. गिऱ्हाइकाला डबा उघडून दाखवू नये, हे ताईचंच सूत्र.

तिने एकच सूर छेडला आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हाच. काय केलंस?"

"काही नाही. काढलं थोडं."

तिने डबा उराशी धरला. दारात वळून हसली. "मामा, टकलाला काय लागलंय? लाल."

ती गेली. खोली एकदम कोरडी झाली. समोरचं स्टूल नुसतं स्टूल झालं.

मामांनी डोक्यावर बोट फिरवलं. बोटाला रंग आला. त्यांनी खण उघडून ताईची नेलपॉलिशची बाटली काढली. झाकण चिकटलेलं होतं, पकडीनेही फिरेना. आत तळाशी वाळलेली खपली खुळखुळली.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी पूर्वेची. दहानंतर तिच्यात ऊन येत नाही.

डोक्यावरचा ठिपका अजून ओला होता.